मानसिक आरोग्यासाठी मागणी कशी करावी: गल्लीपासून मंत्रालयापर्यंत

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त व्याख्याने होतात, प्रभातफेऱ्या निघतात, महाविद्यालयांत भित्तिपत्रके लागतात. या उपक्रमांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण ज्या विषयावर घरातही दबक्या आवाजात बोलले जायचे, तो त्यांच्यामुळे चारचौघांत आला. परंतु चंदगड तालुक्यातील एखाद्या वाडीवर ज्या तरुणाच्या गोळ्या संपून पंधरवडा उलटला आहे, त्याच्या घरापर्यंत व्याख्यान पोहोचले तरी गोळ्या पोहोचत नाहीत. त्या पोहोचाव्यात यासाठी कोणीतरी नेमक्या कार्यालयात नेमकी मागणी लेखी स्वरूपात द्यावी लागते आणि ती पूर्ण होईपर्यंत तिचा पाठपुरावा करावा लागतो. हा पाठपुरावा सामान्य नागरिकाने, रुग्णाने, रुग्णाच्या नातेवाइकाने किंवा एखाद्या मंडळाने कसा करावा, हे कोल्हापूर जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून येथे मांडले आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे दिसले. म्हणजे दहा रुग्णांपैकी सात ते नऊ जण उपचारांशिवायच दिवस काढत असतात. आपल्या गल्लीत, आपल्या तालमीत, आपल्या दूध संस्थेच्या सभासदांतही हीच स्थिती असणार, असे धरूनच कामाला लागावे.

कायदा काय देतो, ते आधी वाचावे

मागणी करणाऱ्याच्या हातात कायद्याचे कलम असले की समोरच्या अधिकाऱ्याचे उत्तर बदलते, हा अनुभव बहुतेक कार्यकर्त्यांना आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ ने शासनाने चालवलेल्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या केंद्रांतून मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. याच कलमानुसार आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत सर्व काळ विनामूल्य मिळाली पाहिजेत. आपल्याकडे सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय, हे येथे ध्यानात ठेवावे. जिल्ह्यातील शासकीय केंद्रांत किमान सेवा उपलब्ध नसतील, तर रुग्णाने जिल्ह्यातीलच दुसऱ्या केंद्रात उपचार घ्यावेत आणि त्याचा खर्च शासनाने सोसावा, अशीही तरतूद आहे.

आणखी काही कलमे पाठ असलेली बरी. कलम २१ मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वैद्यकीय विम्याचे संरक्षण देण्यास सांगते. कलम २३ रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखते. कलम ९५ कोणत्याही रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई करते. ही मनाई कागदावर येण्यापूर्वी देशाने फार मोठी किंमत मोजली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधून ठेवलेल्या २८ रुग्णांना पळून जीव वाचवता आला नाही. कलम ११५ असे सांगते की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला चालवू नये, तिला शिक्षा देऊ नये आणि शासनाने तिला उपचार व पुनर्वसन पुरवावे. अपघात विभागात रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक आजही पोलीस केसच्या धास्तीने खरी हकिगत लपवतात आणि त्यामुळे पुढचे उपचार चुकतात. म्हणून कलम ११५ चा सोप्या मराठीतील एक परिच्छेद अपघात विभागाच्या भिंतीवर लावावा, ही मागणीसुद्धा फार मोलाची आहे आणि ती पूर्ण करायला फारसा खर्च येत नाही.

मागणी लिहिण्याची रीत

‘मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे’ असे निवेदन स्वीकारणे कोणत्याही कार्यालयाला सोपे असते, कारण त्यातून त्या कार्यालयाला काहीच करावे लागत नाही. निवेदनात एकच मागणी असावी, ती कोणाच्या अधिकारातील आहे ते आधी तपासावे, ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाही डोळ्यांनी पाहता यावे आणि तिला मुदत असावी. उदाहरणार्थ, ‘आमच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची बाह्यरुग्ण तपासणी सुरू करावी आणि ते दिवस दर्शनी भागातील फलकावर लिहावेत’ ही मागणी मान्य झाली की नाही, हे रुग्णालयाच्या दारातच समजते. निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा आणि ती प्रत जपून ठेवावी. पुढची सगळी लढाई त्या शिक्क्याच्या आधारावर उभी राहते.

दुसरी गोष्ट मी अधिक महत्त्वाची मानतो. ज्यांनी आजार भोगला आहे आणि ज्यांनी घरात रुग्ण सांभाळला आहे, त्यांना शिष्टमंडळात पहिली जागा द्यावी. मात्र त्यांची संमती आधी आणि स्पष्टपणे घ्यावी, नाव सांगायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे आणि ऐन वेळी कोणी माघार घेतली तर एका शब्दाने बोलू नये. गावात एकदा नाव फुटले की लग्न ठरण्यापासून भाड्याने खोली मिळण्यापर्यंत सगळीकडे त्याचा त्रास होतो. तो त्रास सोसायचा की नाही, हा निर्णय इतर कोणीही त्यांच्या वतीने घेऊ नये.

घर, गल्ली आणि तालीम

कोल्हापुरात पेठेतला माणूस अडचणीच्या वेळी आधी तालमीत जातो. रक्तदान शिबिरे, महापुरातील मदत, शैक्षणिक साहित्याचे वाटप अशी कामे तालीम मंडळे आणि गणेश मंडळे वर्षानुवर्षे करत आली आहेत. त्यांच्याकडे मागायच्या गोष्टी दोन. गणेशोत्सवाच्या मांडवात आणि मंडळाच्या कायमच्या फलकावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक ठळक लिहावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही शासकीय दूरध्वनी सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. दुसरे म्हणजे मंडळातील दोन-तीन वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी तरुणांशी बोलण्याची, ऐकून घेण्याची आणि गरज पडल्यास सोबत दवाखान्यापर्यंत जाण्याची जबाबदारी उघडपणे स्वीकारावी. वस्तादाने एखाद्या पोराला ‘चल, डॉक्टरकडे मी येतो तुझ्यासंगं’ असे म्हटले की त्या पोराच्या मनातील लाज निम्मी होते.

बचत गट आणि महिलांच्या भिशीत हा विषय वेगळ्या मार्गाने येतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग सतत दुखते, जीव कशातच रमत नाही, अशा शब्दांत बायका आपले दुखणे सांगतात. त्या शब्दांपासूनच बोलणे सुरू करावे आणि आशाताईंना त्या बैठकीला बोलवावे.

‘पोराला बाहेरचं काहीतरी झालंय’ असे म्हणणाऱ्या आईशी वाद घालून काही साधत नाही. ती देवाच्या दारी जात असेल तर जाऊ द्यावी आणि दवाखान्याचे उपचारही सोबत सुरू करावेत, असे तिला प्रेमाने पटवावे. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळीने बांधणे किंवा वैद्यकीय उपचारांपासून रोखणे असे काही घडत असेल, तर तिथे संकोच करू नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा कृत्यांसाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देताना या कायद्याचा नावानिशी उल्लेख करावा.

गाव: ग्रामसभेचा ठराव

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून राज्यातील सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती आणि तिच्यामुळे शोकात बुडालेल्या स्त्रीवर आणखी एक घाव बसत होता. हेरवाडचा ठराव हा माझ्या दृष्टीने मानसिक आरोग्याचाही ठराव आहे. आपल्या जिल्ह्यातील एका गावाचे म्हणणे मंत्रालयाला उचलावे लागले, म्हणून ग्रामसभेला कमी लेखू नये.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. त्यांपैकी २ ऑक्टोबरची सभा विशेष उपयोगाची आहे, कारण त्या सुमारास पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते आणि आराखड्यात जे येते त्यालाच निधी मिळतो. सभेच्या आठ-दहा दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र देऊन विषय कार्यक्रमपत्रिकेत घेण्याची विनंती करावी. सभेच्या दिवशी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून मांडलेली गोष्ट बहुधा घाईत वाहून जाते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यायची असते आणि हा विषय तिथे आधी मांडला तर मुख्य सभेत त्याला पाठबळ मिळते, कारण रुग्णाची रोजची देखभाल बहुतेक घरांत बायकाच करत असतात.

ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्यावा. तो साधारण असा असावा: ‘ही ग्रामसभा असा ठराव करते की, गावातील मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या कुटुंबांना सहाय्य करण्यासाठी, (एक) ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या प्रत्येक बैठकीत मानसिक आरोग्य हा विषय घेण्यात यावा, (दोन) ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या पाच टक्के निधीच्या लाभार्थी यादीत मानसिक आजारामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तींचा समावेश करण्यात यावा, (तीन) ग्रामपंचायत, अंगणवाडी, शाळा व दूध संस्था येथे १४४१६ हा क्रमांक रंगवण्यात यावा, (चार) प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजाराची प्राथमिक तपासणी व औषधे उपलब्ध करावीत, या मागणीसह ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी यांना पाठवण्यात यावी.’ सूचक आणि अनुमोदक आधी ठरवून ठेवावेत. शक्य असल्यास सूचक सत्ताधारी गटातील आणि अनुमोदक विरोधी गटातील असावा, म्हणजे ठराव गटातटाच्या राजकारणात अडकत नाही. सभेनंतर ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी.

दुसऱ्या मुद्द्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मानसिक आजाराचाही समावेश आहे, ही गोष्ट अनेक ग्रामपंचायतींच्या ध्यानात नसते आणि पाच टक्के निधी वाटताना केवळ हालचालींचे, दृष्टीचे किंवा श्रवणाचे दिव्यांगत्व विचारात घेतले जाते. प्रमाणपत्र नसेल तर लाभ मिळत नाही, म्हणून प्रमाणपत्र तपासणीचे शिबिर तालुक्याच्या ठिकाणी घ्यावे, ही मागणी ठरावालाच जोडता येईल. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला निधी, मिळतो. रक्कम छोटी आहे, पण एखाद्या निराधार रुग्णाला तपासणीसाठी शहरात नेण्याच्या प्रवासखर्चासाठी ती वापरता येते का, हे समितीच्या बैठकीत आग्रहाने विचारावे. शेतातील फवारणीची विषारी औषधे घरात उघड्यावर न ठेवता कुलूपबंद ठेवण्याची मोहीमही गावाने हाती घ्यावी. श्रीलंकेने अतिघातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले, हे या विषयातील सर्वांत भक्कम उदाहरणांपैकी एक आहे.

तालुका: औषधाची खिडकी

माझ्या मते कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक उपयोगाची लढाई येथे आहे. जिल्ह्याचे बारा तालुके आणि त्यांतील शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड हे डोंगराळ पट्टे लक्षात घेतले, तर शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापर्यंत, म्हणजे आपल्या सीपीआरपर्यंत, दरमहा येणे ही रुग्णाच्या घरासाठी किती मोठी गोष्ट आहे ते कळते. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. रुग्ण आणि सोबतचा माणूस अशा दोघांचे एसटीचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी आणि दिवसभराची रांग यांचा हिशेब मांडला की, सुरुवातीला बरे वाटू लागलेले रुग्ण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात औषध का सोडतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. दाखल होण्याची वेळ आली, तर जवळचे शासकीय मनोरुग्णालय आंबा घाट उतरून रत्नागिरीला आहे. औषध तालुक्यात नियमित मिळाले तर त्यांतील अनेकांवर ती वेळच येणार नाही.

केंद्र शासनाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून राबवला जात आहे. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक जिल्ह्याला असावे आणि त्याने तालुक्यांपर्यंत सेवा न्यावी, अशी त्याची रचना आहे. आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हे पथक कधी येते, हे आधी विचारून घ्यावे.

औषध नसल्याचा पुरावा जमवण्याची पद्धत साधी आहे. औषधाच्या खिडकीवर ‘संपलंय, बाहेरनं घ्या’ असे उत्तर मिळाले की तिथून वळू नये. केसपेपरवर त्या औषधाच्या नावापुढे ‘उपलब्ध नाही’ असे लिहून तारखेसह सही देण्याची नम्रपणे विनंती करावी. खिडकीतला कर्मचारी नकार देईल, तर वैद्यकीय अधीक्षकांकडे जावे आणि तिथेही नकार मिळाला तर त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहून आवक शिक्का घ्यावा. त्या कर्मचाऱ्याशी भांडू नये, कारण साठा वरून आला नाही यात त्याचा दोष नसतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच खिडकीवर उभे राहायचे असते. अशा पाच-सहा केसपेपरांच्या प्रती एकत्र आल्या की ती व्यवस्थेची कमतरता म्हणून दाखवता येते. प्रती देताना रुग्णाचे नाव आणि पत्ता झाकावा.

मग माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात या अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारणपणे १५० शब्दांत असावा, असा नियम आहे. शुल्क दहा रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. अर्जात मते मांडू नयेत, केवळ नोंदी मागाव्यात: रिस्पेरिडोन, फ्लुओक्सेटीन आणि लिथियम यांच्या मागील बारा महिन्यांच्या मासिक साठा नोंदवहीची प्रत, या औषधांसाठी पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाच्या भेटींच्या तारखा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. साठा नोंदवहीत चार महिने शून्य दिसले, तर त्या कागदाला कोणताही अधिकारी ‘तसे काही नाही’ असे उत्तर देऊ शकत नाही.

शाळा आणि महाविद्यालये

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि योग्य कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. या सूचना शाळा-महाविद्यालयांबरोबर खासगी शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांनाही लागू आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय देखरेख समिती असावी, असेही न्यायालयाने सांगितले आहे.

पालकाने याचा उपयोग असा करावा. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, महाविद्यालयात प्राचार्यांकडे आणि शिकवणी वर्गात संचालकांकडे एकच लेखी प्रश्न द्यावा: आपल्या संस्थेतील समुपदेशकाचे नाव, पात्रता आणि भेटण्याची वेळ कोणती? हिंदी किंवा भूगोलाच्या शिक्षकांकडेच समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार दिलेला असेल, तर त्यांच्या प्रशिक्षणाविषयी विचारावे. बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी गावाकडून कोल्हापुरात खोली घेऊन राहणारी मुले वर्षभर एकटी असतात. त्यांच्या बाबतीत खानावळ चालवणाऱ्या मावशी आणि खोलीमालक यांनाही १४४१६ माहीत असणे गरजेचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी याच शहरात बहुजन समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली. आजच्या वसतिगृहांनी मुलांच्या मनाचीही काळजी घ्यावी, ही मागणी या शहराला परकी वाटू नये.

कारखाना, दूध संस्था, पतसंस्था

या जिल्ह्याचे अर्थकारण सहकारावर उभे आहे आणि सहकारी संस्थेचा सभासद हा मालक असतो, म्हणून येथे मागणीचा एक मार्ग असा आहे जो इतर अनेक जिल्ह्यांना इतक्या सहजपणे मिळत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची नोटीस आल्यावर त्यात दिलेल्या मुदतीत सभासदांनी प्रश्न लेखी पाठवावेत. विचारण्याजोगा सर्वांत ठोस प्रश्न विम्याचा आहे: संस्थेने कामगारांसाठी किंवा सभासदांसाठी घेतलेल्या समूह वैद्यकीय विम्यात मानसिक आजाराच्या उपचारांचा समावेश आहे का आणि नसल्यास पुढील नूतनीकरणात तो केला जाईल का? विमा नियामकाने २०१८ मध्येच कंपन्यांना यासंबंधी निर्देश दिले आहेत, त्यामुळे ‘कंपनी देत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये.

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. पाळ्या, सततचा खडखडाट आणि कापड बाजारातील मंदीत अचानक बंद होणारे माग यांचा झोपेवर आणि व्यसनांवर होणारा परिणाम कामगार संघटनांना चांगला ठाऊक आहे. त्यांनी बोनस आणि मजुरीच्या मागणीपत्रात आरोग्य तपासणीची मागणी घालताना तिच्यात मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचे उपचार स्पष्ट शब्दांत लिहावेत.

जिल्हा: महापूर आणि पोलीस ठाणे

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील कित्येक घरांत पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी शिरले. छावणीत अन्न, कपडे, पाणी आणि तापाच्या गोळ्या पोहोचतात. परंतु ज्याचे मानसोपचाराचे औषध घरासोबत बुडाले, त्याची आठवण कोणाला होत नाही आणि असे औषध अचानक तुटले की रुग्ण काही दिवसांत पुन्हा आजारी पडू शकतो. म्हणून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: निवारा केंद्रांच्या औषधसाठ्यात नेहमीची मानसोपचाराची औषधे असावीत आणि पाणी ओसरल्यानंतरही काही महिने समुपदेशक पूरग्रस्त गावांत जात राहावेत. जनावरे गेली, उसाचे पीक कुजले, घराच्या भिंती खचल्या, याचे दुःख पंचनाम्यानंतर वाढते. आराखड्याचा आढावा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घेतला जातो, म्हणून निवेदन एप्रिलमध्येच द्यावे. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. खालच्या कार्यालयातून उत्तर न मिळालेल्या अर्जासाठी ती जागा योग्य आहे आणि तिथे जाताना आधीच्या अर्जाची शिक्क्याची प्रत न्यावी लागते.

मध्यवर्ती बसस्थानकाच्या आणि अंबाबाई मंदिराच्या परिसरात एखादी व्यक्ती फाटक्या कपड्यांत, स्वतःशी बोलत, दिवसेंदिवस एकाच ठिकाणी बसलेली दिसते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १०० नुसार अशी व्यक्ती आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे वाटल्यास पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यावे, २४ तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात न्यावे आणि कोठडीत ठेवू नये. पोलीस ठाण्याला हे कळवताना ठिकाण, वेळ आणि व्यक्तीची स्थिती लिहून द्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळू शकतो आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना कायदेशीर मदत देणे हे या प्राधिकरणाच्या कामाचाच भाग आहे, म्हणून त्यांच्या विधी स्वयंसेवकांशी ओळख ठेवावी.

राज्य पातळी आणि वृत्तपत्रे

आमदारांकडे जाताना सत्कार आणि हार नेऊ नयेत, एका पानाचा कागद न्यावा. त्यात तालुक्यातील साठा नोंदवहीतील आकडे, ग्रामसभांच्या ठरावांच्या प्रती आणि विधिमंडळात विचारता येईल असा एक तयार प्रश्न असावा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कोल्हापूर जिल्ह्यासाठी मंजूर पदे किती, भरलेली किती आणि मंजूर निधीपैकी खर्च किती? पदे रिक्त असणे हे या सेवेचे मोठे दुखणे आहे आणि त्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावे लागले की भरतीची नस्ती हलण्याची शक्यता वाढते. रुग्णाच्या हक्काचा भंग झाला असेल तर कायद्याने स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे, त्यामुळे जनहित याचिकेसाठी मुंबईच्या फेऱ्या मारण्याची अडचणही कमी झाली आहे. अर्थात न्यायालयात जाण्यापूर्वी खालच्या पायऱ्यांवरील सर्व कागद हाताशी हवेत.

वार्ताहरांना केवळ दुःखद बातमीच्या दिवशी गाठू नये. एरवीच्या दिवसांत त्यांना सेवांची स्थिती दाखवावी. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन नसावे, एकच कारण ठोकून देऊ नये, मथळा भडक नसावा आणि मदतीचा क्रमांक छापावा, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारलेले मार्गदर्शन सांगते. त्याची प्रत संपादकांना द्यावी. चांगली बातमी छापून आली तर आभाराचे पत्र आवर्जून पाठवावे.

मागणी मान्य झाल्यावर

येथे बहुतेक प्रयत्न थांबतात. तज्ज्ञ डॉक्टरांचा तपासणीचा दिवस सुरू होतो, उद्घाटन होते आणि सहा महिन्यांत डॉक्टरांची बदली होऊन तो दिवस फलकावरच राहतो. म्हणून मागणी मान्य झाल्याच्या दिवशीच गटातील दोघांची नावे ठरवावीत. त्यांनी दर तीन महिन्यांनी रुग्णालयात जाऊन फलक, तपासणीचा दिवस आणि औषधाची खिडकी पाहून यावी आणि एका वहीत तारीख घालून लिहावे. खंड दिसला तर मूळ निवेदनाचा आवक क्रमांक देऊन दोन ओळींचे स्मरणपत्र त्याच आठवड्यात द्यावे. जे रुग्ण आणि नातेवाईक शिष्टमंडळात आले होते, त्यांच्या घरी मात्र कागदाशिवाय, विचारपूस करायला जावे. त्यांच्यापैकी कोणाची तब्येत पुन्हा बिघडली असेल, तर पुढचे निवेदन त्यांच्याशिवाय न्यावे आणि त्यांना बरे वाटू लागल्यावर पुन्हा विचारावे.